वडीलपदाचा अर्ज अडला कुठे? माझा अनुभव

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (मंडळीची देखरेख करणारा पुढारी) म्हणून माझी नेमणूक झाली त्याला आता बराच काळ लोटला. ज्या समितीने माझा अर्ज अडवून ठेवला होता, त्याच समितीत आज मी बसतो. पण मध्यंतरी पुरुषांच्या संगतीनंतर (प्रार्थनेसाठी जमतो त्या सभेनंतर) एका तरुण भावाने बाजूला घेऊन विचारलं, "दादा, तुम्ही एकटे देवासमोर केव्हा बसता, या तुमच्याच प्रश्नावर माझाही अर्ज परत आलाय. नक्की काय हवंय यांना?" आणि इतक्या काळानंतरही उत्तर देताना माझा आवाज चढला. त्याला उभ्या उभ्या जे सांगितलं ते अपुरं होतं. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधीचे टप्पे भराभर झाले. नाव सुचवलं गेलं, अनुमोदन मिळालं. पाळक (पास्टर) आमच्या घरी आले, बायबलमधल्या पौलाच्या पत्रातली, १ तीमथ्य ३ मधली पात्रतेची यादी उघडून बसले, बायकोला आणि मुलांना मोकळेपणाने प्रश्न विचारले. ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार, असं पौल तिथे पाचव्या वचनात विचारतो, त्यामुळे ते रास्तच होतं. विश्वासाच्या मूलभूत शिकवणीवर तोंडी परीक्षा झाली, तीही बरी गेली. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते अर्जाच्या शेवटच्या पानावर. प्रश्न असा होता: 'तुम्ही एकटे देवासमोर केव्हा बसता व कोठे बसता?' मी जे खरं होतं ते लिहिलं. रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना, आठवड्याची प्रार्थना सभा, गृहसभा, महिन्यातून एकदा उपास-प्रार्थना, शिवाय कामावर जाताना वाटेत मनातल्या मनात. अर्ज परत आला. उत्तराखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली आणि एक ओळ: 'बहुतेक सर्व इतरांसोबतचे आहे. पुन्हा भरून द्यावा.' एवढंच. सही कुणाचीच नाही, पुन्हा केव्हा द्यायचा ते नाही, कुणाशी बोलायचं ते नाही.

चिटणिसांना विचारलं तर म्हणाले, समिती बसेल तेव्हा बघू. कधी बसणार? कळवू. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "घाई कशाला करता, देवाची वेळ असते." देवाची वेळ असते हे मीही मानतो. पण समितीची बैठक कधी लावायची हे माणसं ठरवतात, आणि जे माणसांनी ठरवायचं ते देवाच्या नावावर ढकललेलं मला आजही खपत नाही.

बरं, या मधल्या काळात मला फोन येत होते ते कशासाठी? हिशेब तपासायला या. सभागृहाच्या दुरुस्तीचं ठरवायचंय, या. युवक शिबिराची यादी करायचीय, तुमच्याशिवाय होणार नाही, या. एकांतात बसत नाही म्हणून अर्ज थांबलेला, आणि बसायला उरलेली प्रत्येक संध्याकाळ मंडळीच घेत होती. माझी खरी तक्रार हीच आहे. पुरुषांना नेतृत्वासाठी घडवायचं म्हणून आपण त्यांना आधी कामाला जुंपतो. जो जास्त धावतो त्याचं नाव वडीलपदासाठी पुढे येतं. आणि एवढं झाल्यावर शेवटच्या पानावर त्याला विचारतो की तू एकटा केव्हा बसतोस.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा एकदा नीट वाचा. यरुशलेमेतल्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषितांनी हे काम कमी दर्जाचं मानलं नाही. त्यासाठी आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असे सात पुरुष निवडायला लावले, त्यांच्यावर हात ठेवले, काम त्यांच्याकडे दिलं, आणि आम्ही प्रार्थनेत व वचनाच्या सेवेत तत्पर राहू असं जाहीर केलं. प्रार्थनेला वेळ काढा असा उपदेश तिथे कुणी कुणाला करत नाही. काम प्रत्यक्ष एकाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती दिलं जातं. आपल्या समित्यांना हा अध्याय सात सेवकांच्या नेमणुकीसाठी आठवतो. ती नेमणूक कशासाठी झाली हे मात्र कुणी वाचत नाही.

प्रश्न मात्र योग्यच होता, हे मी तेव्हाही मानत होतो. मार्कच्या पहिल्या अध्यायात शब्बाथाचा तो एक दिवस पाहा. कफर्णहूमच्या सभास्थानात शिकवण, तिथेच अशुद्ध आत्मा लागलेला माणूस, मग शिमोनाच्या घरी त्याची तापाने पडलेली सासू, आणि सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी. दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून काळोख असताना, येशू उठून बाहेर गेला आणि एकांत ठिकाणी प्रार्थना करत राहिला. शिमोन आणि सोबती शोधत आले, म्हणाले, सगळे तुम्हाला शोधताहेत. कुठल्याही पुढाऱ्याला यापेक्षा गोड वाक्य ऐकायला मिळत नाही. येशू मात्र परत फिरला नाही. आसपासच्या गावांत जाऊ, त्यासाठीच मी आलो आहे, असं म्हणाला. आदल्या रात्री जिथे इतकं घडलं ते गाव सोडून पुढे निघायचं, हे दाराशी जमलेल्या गर्दीत उभं राहून ठरलं नसतं. लूकच्या सहाव्या अध्यायातही तसंच आहे. रात्रभर डोंगरावर प्रार्थना, आणि दिवस उजाडल्यावर शिष्यांमधून बारा जणांची निवड. आपल्याकडे पदाधिकारी निवडायच्या बैठकीत सुरुवातीची प्रार्थना दोन मिनिटांत आटपते आणि मग चर्चा मध्यरात्रीपर्यंत चालते.

तेव्हा मी बसायचं ठरवलं. संध्याकाळ हाती लागणार नव्हती, म्हणून पहाट घेतली. घरातली मागची लहान खोली, दार लावलेलं, फोन दुसऱ्या खोलीत. (फोन दुसऱ्या खोलीतच ठेवा. आवाज बंद करून खिशात ठेवला तरी हात तिकडे जातो. गजरासाठी हवा असेल तर साधं घड्याळ घ्या.)

आता खरा अडलेला टप्पा. याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी लांबण लावणार आहे.

सुरुवातीचे दिवस छान गेले. नवेपणा होता. पहाटेची शांतता, मनात एक उत्साह, आपण काहीतरी चांगलं करतोय याचं समाधान. मग ते ओसरलं, आणि त्या खोलीत काहीही घडेना. बायको, मुलं, आईवडील, मंडळीतले आजारी, पाळक, सरकार, अशी मागण्यांची यादी मी क्रमाने म्हणायचो, आणि ती संपायची. घड्याळात पाहिलं तर जेमतेम काही मिनिटं झालेली. पुढे काय? डोळे मिटले की कामावरची राहिलेली कामं दिसायची. गुडघे दुखायचे. झोप यायची. देवाकडून शब्द नाही, जाणीव नाही, साधी हुरहुरही नाही. सभेत प्रार्थना करताना हे कधी होत नव्हतं. तिथे गाणं असतं, शेजारच्याचा आमेन असतो, एकाचं थांबलं की दुसरा सुरू करतो. मला तर सभेत पुढे उभं राहून प्रार्थना चालवायची सवय होती, लोक नंतर येऊन धन्यवाद द्यायचे. बंद खोलीत मात्र तीच वाक्यं तोंडातून निघाली की पोकळ वाटायची. कारण पुढे कळलं. ती वाक्यं माणसांनी ऐकावीत अशी घडलेली होती, आणि खोलीत ऐकणारं माणूसच नव्हतं. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू दार लावून घ्यायला सांगतो ते याचसाठी. लोकांसमोर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे असं तो आधीच्याच वचनात म्हणतो.

पुरुषांना हे विशेष जड जातं असं माझं मत आहे. आपल्याला लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं, की रिकामं बसू नकोस, काहीतरी कर. अडचण सांगायची तर सोबत उपायही सांग. आणि इथे तासभर बसून हाती दाखवण्यासारखं काही येत नाही. शिवाय बोलायचं ते अशा एकाशी, ज्याच्यापुढे पद, पगार, कामाचा अनुभव, सभेतलं वजन यातलं काहीच मांडता येत नाही. मी धडधाकट माणूस, दहा जणांची कामं अंगावर घेणारा, आणि त्या रिकाम्या खोलीतून उठून पळावंसं वाटायचं. कित्येकदा मी ठरलेल्या वेळेआधी उठून हिशेबाची वही उघडली, कारण ते काम मला येत होतं.

आणि त्या शांततेत सगळ्यात जास्त काय यायचं, तर समिती. डोळे मिटताच ते सगळे समोर बसलेले दिसायचे आणि माझं भाषण सुरू व्हायचं. मुद्देसूद, वचनांच्या आधारासह. कृत्ये ६ मी तेव्हाच इतकं पाठ केलं. प्रार्थनेची वेळ संपायची तेव्हा भाषण पूर्ण झालेलं असायचं आणि छाती धडधडत असायची.

मी लोकांना विचारलं. एकाने सांगितलं, विश्वास वाढवा. दुसऱ्याने सांगितलं, उपास वाढवा. तिसऱ्याने मोबाइलवर रोज वचन पाठवणारं ॲप पाठवलं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्या माणसाला. यातल्या एकानेही असं म्हटलं नाही की मीही तिथे बसलोय, माझंही असंच होतं. मंडळीतल्या पुरुषांनी एकमेकांना ही एवढी गोष्ट का सांगू नये? आजाराबद्दल सांगतो, नोकरी गेली तरी सांगतो. पहाटे दार लावून बसतो आणि काही होत नाही, हे कुणीच सांगत नाही. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की आपल्यातच काही कमी आहे, आणि तो गुपचूप सोडून देतो.

शेवटी बोलले ते एक निवृत्त वडील. वय झालेलं, आता कुठल्याच समितीवर नाहीत. मी सगळं सांगितलं, भाषणाचंही. ते म्हणाले, "असं होतंच. तुम्ही उठू नका." मग म्हणाले, स्वतःचे शब्द संपले असतील तर दाविदाचे घ्या, मोठ्याने म्हणा, सबंध आठवडा एकच स्तोत्र. मी तेराव्या स्तोत्रापासून सुरुवात केली. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' आहे. परमेश्वरा, कोठवर मला विसरणार? कोठवर तोंड लपवणार? समितीच्या चिटणिसाला विचारायचा प्रश्न दाविदाने थेट देवाला विचारला होता, आणि देवाने तो आपल्या पुस्तकात राहू दिला. पुढे अठ्ठ्यांशीव्या स्तोत्रावर बराच काळ काढला. ते तर अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाची एकही ओळ नाही. माझ्या दुसऱ्या कुठल्याही वाचनाने दिला नसेल इतका धीर मला त्या स्तोत्राने दिला. ज्याला काहीच जाणवत नाही त्याची प्रार्थनाही पवित्र शास्त्रात मोजलेली आहे.

मोठ्याने म्हणण्याचा उपाय काही नवा नाही हे नंतर वाचनात आलं. मार्टिन लूथरने १५३५ साली आपल्या न्हाव्याला, पेत्र नावाच्या माणसाला, प्रार्थना कशी करावी हे लिहून दिलं होतं. माझं मन थंड पडतं, प्रार्थनेचा कंटाळा येतो, तेव्हा मी स्तोत्रांचं पुस्तक घेऊन खोलीत जातो आणि दहा आज्ञा, विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारी ठरलेली वाक्यं), काही वचनं तोंडाने म्हणतो, असं लूथर तिथे सांगतो. मुलं म्हणतात तसं. आणि बजावतो की 'थोडं थांबू, तासाभराने करू, आधी हे काम उरकू' या विचारापासून सावध राहा, कारण त्या तासाभरात दुसरी कामं येऊन दिवस घेऊन जातात. सुधारणेचा एवढा मोठा पुढारी, आणि त्यालाही थंडपणा येत होता. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर!

डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाळकाने १९३५ पासून जर्मनीत फिंकेनवाल्ड इथे पाळक होऊ घातलेल्या तरुणांना शिकवलं. नात्सी राजवटीला न जुमानणाऱ्या मंडळीची ती शाळा होती, १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नात्सींच्या गुप्त पोलिसांनी, ती बंद केली. तिथे रोज सकाळी अर्धा तास शांत बसून एकाच छोट्या उताऱ्यावर मनन करायचा नियम होता, आणि तोच उतारा आठवडाभर. विद्यार्थ्यांना ते जड गेलं, त्यांनी तक्रारी केल्या. तरी त्याने नियम काढला नाही. बाहेर ज्या दबावाला या तरुणांना तोंड द्यायचं होतं तो त्याला दिसत होता. फरक एवढाच सांगतो, की त्याने नियम घातला तेव्हा दिवसाच्या वेळापत्रकात त्यासाठी अर्धा तास मोकळाही ठेवला होता. आमच्या समितीने फक्त प्रश्न विचारला.

माझ्या बाबतीत गाठ सुटली ती १ तीमथ्य २:८ ने. बाकी ठिकाणी पौल सर्वांना सांगतो, इथे खास पुरुषांना सांगतो: प्रत्येक ठिकाणी पुरुषांनी राग व विवाद सोडून पवित्र हात वर करून प्रार्थना करावी. हे वचन मी किती वेळा ऐकलं असेन, पण पुरुष, प्रार्थना आणि राग ही तिन्ही एकाच ओळीत का आहेत याचा विचार त्या खोलीतच झाला. पौलाला आपण ठाऊक होतो. एकटा पुरुष शांत बसला की त्याच्या आतून आधी काय वर येतं, हे त्याला माहीत होतं. मग एका पहाटे मी समितीपुढचं भाषण थांबवून तेच देवाला सांगितलं, मोठ्याने, स्तोत्राच्या आवाजात. यांनी मला ताटकळत ठेवलंय. मला याचा राग येतो. हा राग मी त्यांच्यापुढे नेला तर मंडळीत तट पडतील. तू घे. एकेकाचं नाव घेऊन सांगितलं, आणि मग त्याच नावांसाठी प्रार्थना केली, आधी दात ओठ खाऊन, हळूहळू बरी.

राग त्या दिवशी गेला नाही. हे लिहितानाही तो पुरता गेलेला नाही, तुम्हाला दिसतच असेल. पण तो आता ठेवायच्या जागी ठेवता येतो. आणि मग कधीतरी लक्षात आलं की बराच वेळ झाला, भाषण झालेलं नाही, यादीही संपलेली नाही, मी नुसता बसलोय आणि उठावंसं वाटत नाही. तेव्हाही काही ऐकू आलं नाही. पण देव माझ्यासमोर आहे याबद्दल शंका उरली नव्हती. यापेक्षा अधिक मला सांगता येत नाही, आणि वाढवून सांगणार नाही.

समिती अखेर बसली. अर्ज मी एका ओळीत पुन्हा भरला होता: पहाटे, घरातल्या मागच्या खोलीत, दार लावून. मला आत बोलावलं, दोन-तीन प्रश्न विचारले, डोकी हलली, मंजूर. इतका काळ का लागला याबद्दल एक शब्द नाही. बाहेर आल्यावर मला आनंद झाला, आणि अभिमानही वाटला, तो लपवत नाही. ते तयार केलेलं भाषण मी केलं नाही, याचा अभिमान जास्त.

आता ज्यांचा अर्ज अडलाय, किंवा अर्ज नाही पण घर, मंडळी, कामाची जागा यात माणसं तुमच्याकडे पाहून चालतात, त्यांच्यासाठी काही गोष्टी, आठवतील तशा.

शेजारी एक कोरा कागद ठेवा. राहिलेलं काम आठवलं की एका शब्दात टिपा आणि सोडा. ते विसरायला गेलात तर तेच डोक्यात फिरत राहतं.

त्या वेळेत उपदेशाची तयारी करू नका. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण वचन उघडलं की आपल्याला लगेच दुसऱ्यांना सांगायचे मुद्दे सुचतात. त्यासाठी वेगळी वेळ ठेवा.

थकला असाल तर आधी झोपा. कर्मेल डोंगरावरच्या एवढ्या मोठ्या विजयानंतर ईजबेल राणीच्या धमकीने एलीया संदेष्टा पळाला, झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवाने त्याला लगेच काही शिकवलं नाही. झोपू दिलं, दूताकरवी खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. मग चाळीस दिवसांची वाट, मग होरेब डोंगर, मग वारा, भूकंप, अग्नी, आणि त्यानंतर ती मंद वाणी. रात्री उशिरापर्यंत बैठकीत बसून पहाटे डुलक्या घेणाऱ्या भावांनी १ राजे १९ वाचावं, आणि बैठक लवकर सोडावी.

घरच्यांना वेळ सांगा, आणि बायकोलाही तेवढाच वेळ मोकळा मिळेल याची व्यवस्था स्वतः करा. पुरुषांच्या एकांताबद्दल बोलणारे बहुतेक जण ही गोष्ट गाळतात आणि मला त्याची चीड येते. तुम्ही दार लावून बसलात आणि त्या वेळी मुलांचं आवरणं, म्हाताऱ्यांचं करणं, सगळं एकटीने तिच्यावर पडलं, तर तुमचा एकांत तिच्या वेळेतून काढलेला आहे. आमच्याकडे आता तिची वेळ रात्रीची आहे. त्या वेळी घराची हाक मी घेतो, तिच्या दारावर कुणी थाप मारत नाही.

थोड्या वेळापासून सुरुवात करा आणि तो वेळ मोडू नका. वाढेल तो आपोआप वाढेल.

यातून नेतृत्वात काय फरक पडला, हे त्या तरुण भावाने विचारलं नव्हतं, पण सांगतो. वडील झाल्यावर लवकरच मंडळीत वाद उभा राहिला. जमलेला निधी इमारतीच्या कामाला लावायचा की अडचणीतल्या कुटुंबांच्या मदतीला, यावर दोन बाजू पडल्या आणि दोघांनाही मी आपापल्या बाजूने हवा होतो. पूर्वीचा मी तिथल्या तिथे बोलून मोकळा झालो असतो, जोरातही बोललो असतो. या वेळी म्हटलं, उद्या सकाळनंतर सांगतो. काहींना ते पळपुटेपणाचं वाटलं. पहाटे दोन्ही बाजूंच्या माणसांची नावं घेतली, एकेकाचं. दुपारी दोघांच्याही घरी गेलो आणि आधी ऐकून घेतलं. मध्यम मार्ग निघाला, इमारतीचं काम टप्प्याटप्प्याने करायचं ठरलं, आणि कुणीही मंडळी सोडून गेलं नाही. माझ्याकडून त्यात फार काही घडलं असं नाही. पण 'उद्या सकाळनंतर' म्हणण्याची हिंमत त्या खोलीतून आली होती.

बायबलमधल्या नहेम्याचा हिशेब मला फार आवडतो. यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी त्याला किसलेव या यहुदी महिन्यात कळते, आणि राजापुढे तो तोंड उघडतो ते निसान महिन्यात. मध्ये साधारण चार महिने उपास आणि प्रार्थना. राजा विचारतो, तुला काय हवं, तेव्हा उत्तर देण्याआधी तो स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो, तिथे उभ्या उभ्या, कुणाला कळू न देता. आणि तट बांधून पुरा होतो ५२ दिवसांत. त्या चार महिन्यांत त्याचे पेन्सिलीने रेघ मारलेले अर्ज पडून नव्हते, हे खरं. पण राजाचा प्यालेबरदार (राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा) असताना, रोज दरबारात हजर राहून, त्याने ते महिने काढले. नोकरी सोडून तो कुठे अरण्यात गेला नव्हता.

काम वाढलं की एकांत सोडायचा मोह पदावर गेल्यावर जास्त होतो, हे मी आता अनुभवाने सांगतो. ११४५ मध्ये बर्नार्ड नावाच्या मठाधिपतीचा एकेकाळचा शिष्य पोप झाला, यूजीन तिसरा. बर्नार्डने त्याचं अभिनंदन करून थांबण्याऐवजी त्याला सावध केलं, की या अखंड कामाच्या रेट्यात स्वतःसाठी आणि देवासाठी वेळ ठेवला नाहीस तर तुझं हृदय कठीण होईल, आणि कठीण झाल्याचं तुला कळणारही नाही. समितीत बसल्यापासून मी हे स्वतःला ऐकवत असतो. अर्जावर रेघ मारणारी पेन्सिल आता माझ्याही हातात येते.

म्हणून समितीत गेल्यावर मी दोन गोष्टी मागितल्या. अर्ज परत पाठवायचा असेल तर एका वडिलाने त्या भावाला प्रत्यक्ष भेटून सांगावं आणि पुढची तारीख द्यावी. ही मान्य झाली. दुसरी, ज्याचं नाव वडीलपदासाठी विचारात आहे त्याच्याकडची मंडळीची दोन तरी कामं त्या काळापुरती दुसऱ्यांनी घ्यावीत. यावर अजून चर्चाच चालू आहे. माणसं कमी आहेत, असं म्हणतात. कृत्ये ६ मध्येही माणसं कमीच होती, मी पुन्हा मांडणार आहे.

हो, दिवसपाळी-रात्रपाळीत काम करणाऱ्या भावांचं राहिलंच. पहाटेचा आग्रह त्यांना धरू नका. बायबलमधला दानीएल १२० प्रांताधिकाऱ्यांवर नेमलेल्या तीन अध्यक्षांपैकी एक होता, राज्याचा कारभार बघायचा, तरी दिवसातून तीनदा माडीवरच्या खोलीत गुडघे टेकायचा. आणि स्तोत्र ११९ लिहिणारा मध्यरात्री उठतो. त्या तरुण भावाची रात्रपाळी असते हे मला नंतर कळलं. कामावरून सुटल्यावर घरात शिरण्याआधी जो अर्धा तास त्याच्या हातात असतो, तो त्याने घेतलाय. अर्जात त्याने तेच लिहावं, असं मी त्याला सांगितलं आहे. त्याचा अर्ज समितीपुढे येईल तेव्हा मी बैठकीत असेन.